टाकीवरची धूळ

क्लेम पेंगेलीने अकरा वर्षांत पहिल्यांदाच पेरणीयंत्राची टाकी धुतली आणि तिथून सगळा घोळ सुरू झाला.

मी त्याचा शेजारी. आमच्या घरांच्या मधे नऊ किलोमीटर गहू आहे, म्हणजे इकडच्या मानाने आम्ही भिंतीला भिंत लावूनच राहतो. टाकी धुताना मी त्याला पाहिलं होतं. हातात पाण्याचा जोरदार फवारा मारणारं यंत्र, पायात गमबूट, चेहऱ्यावर समाधान. तेव्हाच मी गाडी थांबवून त्याला हटकायला हवं होतं. पण निवृत्त माणूस काहीतरी धूत असला की त्याच्या मधे पडू नये, असं मला वाटायचं. आता वाटत नाही.

निवृत्ती फेब्रुवारीतली. क्लेम त्र्याहत्तर वर्षांचा. स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याने, त्याच्या बायकोने, नोरीनने, आणि मुलीने, टेसने, मिळून ठरवलं, की या वर्षी शेतीचे सगळे निर्णय टेसचे. पीक नीट आलं तर पुढेही तिचेच. नाही आलं तर सगळी जमीन मोठ्या शेती कंपनीला भाड्याने. कंपनीने आजूबाजूची सहा शेतं आधीच घेतली आहेत आणि तिथल्या घरांच्या खिडक्यांना आता पत्रे ठोकलेले आहेत. टेसचा जन्म त्या घरातला, तिची दोन पोरं त्याच घरातून शाळेच्या बसला जातात. तेव्हा पणाला काय लागलं होतं, हे सांगायला नको.

क्लेमने फक्त ट्रॅक्टर चालवायचा, असं ठरलं.

आता धुळीचं सांगतो. पेरणीच्या दिवसांत आमच्याकडे पाऊस नसतो, झोप नसते आणि वही सापडत नाही. त्यामुळे टाकीवर जी बोटभर धूळ बसते तिच्यावरच बोटाने लिहायचं: कुठलं बी, कुठून कुठपर्यंत, हेक्टरी किती किलो. आमचे आजे असंच लिहायचे, आम्हीही लिहितो. सवडीने कुणीतरी ते वहीत उतरवतं. सवड साधारण जूनमध्ये मिळते.

मेमध्ये ‘मटण पाय’, म्हणजे मैद्याच्या पारीत मटण भरून भाजतात तो, खाताना त्यातलं हाड चावून टेसची दाढ तुटली. दाताचा डॉक्टर पर्थला, तीनशे किलोमीटरवर. ती दोन दिवस गेली आणि त्या दोन दिवसांत क्लेमने ‘शंभरी’ एकट्याने पेरली. शंभरी म्हणजे तीनशे ऐंशी हेक्टरचं शेत. क्लेमच्या आजोबांच्या वेळी ते शंभर एकर होतं. पुढे कुंपण सरकत गेलं, नाव सरकवायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

शंभरीत दोन प्रकारचं बी गेलं. आधी सायलोत, म्हणजे धान्याच्या उंच पत्र्याच्या कोठीत, उरलेला साधा गहू, उत्तरेच्या फाटकापासून. तो संपला की पुढे नवा गहू. हा नवा गहू एक विशिष्ट तणनाशक सोसतो. ते फवारलं की रायगवत, म्हणजे आमच्याकडचं सगळ्यात चिवट तण, मरतं आणि गहू उभा राहतो. साध्या गव्हावर तेच फवारलं तर रायगवत मरतं आणि सोबतीला गहूही मरतो.

साधा गहू संपला कुठे, ते टाकीवरच्या धुळीत लिहिलेलं होतं.

टेस पर्थहून परत आली ती सुजलेल्या गालाने. टाकी लखलखत होती.

“डॅड, टाकी धुतलीस?”

“तुला बरं वाटावं म्हणून,” क्लेम म्हणाला. “आत्ता बघ, रंग हिरवा आहे. आम्ही विसरलोच होतो.”

“आणि ट्रॅक्टरच्या स्क्रीनवर नोंद?”

“ते बटण मी दाबत नाही. यंत्राने माझ्या चहाड्या का म्हणून कराव्यात?”

तेव्हा कुणी फारसं मनावर घेतलं नाही, कारण क्लेमला सगळं पाठ असतं. जूनमध्ये रायगवत उगवलं तेव्हा मात्र टेसने विचारलं. शंभरीत ते गालिच्यासारखं पसरलं होतं. आणखी दहा दिवसांत फवारा मारला नाही तर गव्हाला श्वास घ्यायला जागा उरणार नव्हती.

“एकट्या निलगिरीपाशी संपला,” क्लेम सोमवारी म्हणाला. अजिबात न अडखळता.

मंगळवारी तो तितक्याच ठामपणे म्हणाला, “मोठ्या खडकापाशी.”

निलगिरी आणि खडक यांच्यात शंभर हेक्टर आहेत.

“सायलोत साधं बी होतं तरी किती?” टेसने विचारलं.

“बारा टन.” मग थोडं थांबून, “अठराही असेल. नोरीनच्या कोंबड्यांना नेलेलं धरून.”

“माझ्या आठ कोंबड्या,” नोरीन स्टोव्हकडे तोंड करून म्हणाली, “सहा टन खातात, हे मला आजच कळलं.”

बुधवारी शेतीसल्लागार ब्रॉनवेन आली. हुशार मुलगी. तिने गुडघ्यावर बसून दोन ठिकाणची दोन रोपं उपटली, चष्म्याजवळ नेली, उलटसुलट करून पाहिली.

“हा गहू आहे,” ती म्हणाली.

इथपर्यंत आम्हीही पोहोचलो होतो.

“कुठला गहू?” टेसने विचारलं.

“दिसायला एकच. एक पट्टा फवारून बघा. या थंडीत बारा दिवसांत कळेल.”

“फवाऱ्याला दिवस किती आहेत?”

“आठ.”

“मग?”

ब्रॉनवेनने चष्मा पुसला. “मग आठ,” ती म्हणाली.

शुक्रवारी संध्याकाळी गावच्या बोलिंग क्लबात सगळा तालुका शंभरीविषयी तज्ज्ञ झाला होता. तणनाशकाविषयी कुणाला शंका नव्हती, पावसाविषयी नव्हती, फक्त कुणाचं कुणाशी जुळत नव्हतं. एक जण म्हणाला, कांगारूंना साधा गहू जास्त आवडतो, ते कुठे चरतात ते बघा. हे इतकं शास्त्रीय वाटलं, की दुसऱ्या दिवशी उजाडताच तीन पिकअप शंभरीच्या कुंपणाला लागल्या होत्या. मीही एका पिकअपमध्ये होतो. कांगारू दोन्ही टोकांना सारखेच होते. मधे एक झोपला होता. आम्ही त्याची नोंद घेतली, पण तो कुठल्या बाजूचा धरायचा यावर आमच्यात वाद झाला आणि दोघेजण दुपारपर्यंत एकमेकांशी बोलले नाहीत.

त्याच दुपारी मी क्लेमला एक पाना परत द्यायला गेलो. तो शेडमध्ये एकटाच होता, टाकीसमोर उभा. बोट टाकीवर ठेवून सावकाश काहीतरी लिहीत होता. स्वच्छ पत्र्यावर कोरडं बोट. दिसत काहीच नव्हतं. त्याने ओळ पुरी केली, मागे सरकून वाचल्यासारखं केलं, मग पुन्हा पहिल्यापासून.

मी खोकलो.

“पर्सी,” तो मागे न वळता म्हणाला, “कुणाला सांगू नकोस.”

“काय सांगू नको?”

“मला काहीच आठवत नाहीये. निलगिरी नाही, खडक नाही. ते दोन दिवसच नाहीत डोक्यात. ‘मटण पाय’ खाल्ला एवढं आठवतंय.”

“कुठे खाल्लास?”

“तेच तर.”

मी वचन दिलं आणि फक्त नोरीनला सांगितलं. ती म्हणाली, तो विसरू लागलाय हे तिला फेब्रुवारीपासून माहीत आहे, आणि टेसला तिच्याही आधीपासून. मग मी वचन नेमकं काय पाळत होतो, हे मला आजतागायत उमगलेलं नाही.

रविवारी टेसने मला बोलावलं. शंभरीच्या पश्चिम कुंपणालगत, आग पसरू नये म्हणून मोकळी सोडलेली वाट आहे. तिथे ट्रॅक्टर उभा, मागे पेरणीयंत्र जोडलेलं, टाकी रिकामी.

“पर्सीकाका, हे बघा,” तिने कुंपणाच्या कडेला बोट दाखवलं. जमिनीवर गव्हाचा एक दाट झुपका उगवला होता, कुणी बशीत पेरल्यासारखा. “टाकी भरताना बी सांडतं. जिथे भरली तिथे झुपका. कुंपणाच्या कडेने मोजले, सात आहेत. टाकीत तीन टन मावतं, आणि पहिली टाकी शेडमध्येच भरलेली. म्हणजे साधं बी बारा टन असेल तर चौथ्या झुपक्याला संपलं, अठरा असेल तर सहाव्याला.”

“किंवा पाचव्याला.”

“हो ना.” तिने बापाकडे पाहिलं. “डॅड, चढ. फाटकापासून सुरुवात कर. पेरत असल्यासारखा चालव. थांबायचं वाटेल तिथे थांब.”

“मी काय सर्कशीतला घोडा आहे?” क्लेम म्हणाला. पण नोरीनने गरम ‘मटण पाय’ आणला होता आणि तो ट्रॅक्टरच्या काचेपाशी ठेवला, तेव्हा क्लेम चढला.

मी आणि टेस मागून चालत होतो. पहिल्या झुपक्याशी तो थांबला. उतरला, टाकीवर चढला, झाकण उघडून आत पाहिलं, झाकण लावलं, उतरला, ‘मटण पाय’चा घास घेतला, पुढे. दुसऱ्याला तेच. तिसऱ्याला तेच. चौथा झुपका निलगिरीच्या सावलीत होता. तो झाकण उघडून आत बघत राहिला, एक माशी हाकलली आणि पुढे निघाला.

पाचव्या झुपक्याशी त्याने आकड्यावरचा रबरी हातोडा काढला आणि टाकीच्या तळाशी तीनदा ठोकलं. ठण, ठण, ठण. मग कान लावून ऐकलं.

टेस धावत पुढे गेली. “इथे का ठोकलंस?”

“रिकामी झाली का बघायला.”

“आधीच्या चार ठिकाणी नाही ठोकलंस.”

“तिथे कशाला ठोकू? तेच बी पुन्हा भरायचं असलं की तळातलं तळात राहू देतो. दुसरं भरायचं असलं तर...” क्लेम हातोड्याकडे बघत थांबला. तो कुणी हातात दिला, असा त्याचा चेहरा.

“मग पुरी रिकामी केलीस? खाली ओतलंस?”

“केली.” थोड्या वेळाने, “बरीचशी.”

“बरीचशी म्हणजे?”

“चांगलं बी मातीत ओतायचं म्हणजे माझ्याच्याने होत नाही, पोरी. तुला माहीत आहे. वरून नवं टाकलं असेल.”

आता एक गोष्ट मी तेव्हा कुणालाच सांगितली नाही, कारण कुणी विचारलं नाही. चौथ्या झुपक्यापर्यंत क्लेमच्या डाव्या हातात ‘मटण पाय’ होता. तो चौथ्या आणि पाचव्याच्या मधे संपला. पाचव्याला त्याचे दोन्ही हात पहिल्यांदा मोकळे झाले. तेव्हा हातोडा त्याला आठवणीने उचलायला लावला की नुसत्या रिकाम्या हाताने, हे मी सांगू शकत नाही. टेसनेही पाहिलं असणार, तिचं लक्ष माझ्याहून बारीक आहे. ती झुपक्यापाशी उभी राहून दक्षिणेकडे बघत होती.

“पाचव्यापासून पुढे फवारते,” ती म्हणाली. “उत्तरेचं तसंच सोडते. गवतासकट वैरणीला कापू.”

“आणि चुकलं तर?” क्लेमने विचारलं.

“चुकलं तर माझं चुकेल. या वर्षी चुका माझ्या आहेत, असं ठरलंय ना?”

सोमवारी सकाळी वारा पडला होता, तिने फवारून टाकलं.

पुढचे पंधरा दिवस शंभरीच्या रस्त्यावर जितकी रहदारी झाली तितकी क्लेमच्या लग्नातही नव्हती. कुणी हरवलेलं कुत्रं शोधत होतं, कुणाला खताचा भाव विचारायचा होता. ज्याचं कुत्रं हरवलं होतं त्याने कधी कुत्रं पाळलेलं नव्हतं. अकराव्या दिवशी दक्षिणेकडे पिवळेपणा दिसला आणि टेस जेवली नाही. पिवळं काय पडतंय, गवत की गहू, हे रस्त्यावरून कळत नव्हतं आणि आत जायला ती तयार नव्हती. शेवटी नोरीन गमबूट घालून आत गेली, मूठभर उपटून आणलं आणि टेबलावर टाकलं. रायगवत पिवळं. गहू हिरवा.

फक्त पाचव्या झुपक्यानंतरच्या एका पट्ट्यात गहूही मेला होता, निम्मा. एक जगलेला, एक मेलेला, एक जगलेला. तळात राहिलेलं, न ओतलेलं साधं बी.

“सांगितलं होतं मी,” क्लेम म्हणाला. “पाचव्याला.”

नोरीनने चॉप्स वाढले.

डिसेंबरात कापणी झाली. उत्तरेची वैरण झाली होती, दक्षिणेचा गहू चांगला आला, बाकीच्या शेतांत कुठे बरा, कुठे गोगलगायींनी खाल्लेला. म्हणजे नेहमीसारखं. आता या वर्षाला नीट म्हणायचं की नाही, हे ठरवायला पुन्हा सगळे त्याच टेबलाभोवती बसले. मला साक्षीदार म्हणून बोलावलं होतं, का ते ठाऊक नाही.

“नीट गेलं म्हणायचं का?” क्लेमने विचारलं.

“तुझ्या कुठल्या वर्षाच्या मानाने?” नोरीनने विचारलं.

क्लेमने छताकडे बघत हिशेब केला. मग उठून चहा करायला गेला. त्याला आम्ही होकार धरला. कंपनीच्या माणसाचा पुढच्या आठवड्यात फोन आला, तो टेसने घेतला आणि त्याला मेरी ख्रिसमस म्हणून ठेवून दिला.

यंदा एप्रिलअखेर मी तिथून जात होतो. पेरणी सुरू झाली होती, टाकीवर पुन्हा बोटभर धूळ. टेस ट्रॅक्टरवर होती. क्लेम टाकीला बोट लावून लिहीत होता, ठळक, मोठ्या अक्षरांत. मी वाचलं: बियाण्याचं नाव, तारीख, ‘फाटकापासून’. त्याखाली आणखी एक ओळ होती: ‘बाकीचं टेसला विचारा.’

ते पाणी मारायचं यंत्र त्यांच्या शेडमध्ये अजून आहे, पण त्याचा पाइप सापडत नाही. क्लेम मला दर आठवड्याला विचारतो, पर्सी, तू तर नेला नाहीस ना? मी नाही म्हणतो. पाइप माझ्या शेडमध्ये, मेंढ्यांच्या लोकरीच्या पोत्यांमागे आहे. नोरीनने आणून ठेवला की टेसने, हे मात्र दोघीही सांगत नाहीत, आणि परवा पोती हलवताना पाहिलं, तर गुंडाळीला क्लेमच्या हातची गाठ होती.