निळ्या काठाची ताटली

चार्ल्सटनच्या त्या गॅलरीत नव्या काळ्या चित्रकारांचं प्रदर्शन भरायचं होतं, आणि ओनिटा चिझमचं चित्र शिरायच्या दारासमोरच लावलं होतं. बाकीच्यांनीही जीव ओतला होता. एकाने तुरुंगातली भेटीची खोली काढली होती, एकीने शाळा बंद पडलेली आळी. पण येणारा-जाणारा थांबायचा तो ओनिटाच्या आजीसमोर.

चित्रात आजी एकटीच जेवायच्या टेबलाशी बसलेली, मागे भिंतीला लावून ठेवलेल्या रिकाम्या खुर्च्या. चित्राखालच्या फळीवर खरीखुरी ताटली, निळ्या काठाची. आजी शेवटचं जेवली ती हिच्यात. ओनिटाचं घराणं ज्या बेटावरचं, तिथल्या त्यांच्या दफनभूमीभोवती आता गोल्फवाल्यांची वसाहत उठलीय. स्वतःच्या माणसाच्या थडग्यावर जायचं तर फाटकावरच्या पहारेकऱ्याला नाव सांगून पास घ्यावा लागतो. ओनिटाला याचा संताप होता आणि तो खराच होता. म्हणून तिने थडग्यावरचे ताटलीचे तुकडे कुणाला न विचारता पिशवीत घालून आणले.

इथवर ठीक. पण मग तिने ते जोडले.

बेटावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की मेलेल्या माणसाची शेवटची ताटली मुद्दाम फोडून थडग्यावर ठेवतात. ताटली फुटली की साखळी तुटते, गेलेलं माणूस घरातल्या आणखी कुणाला बोलावत नाही. ओनिटालाही हे ठाऊक होतं. पण कलाशाळेतून बाहेर पडलेल्या माणसाला प्रत्येक गोष्टीत अर्थ दिसायला लागतो. आमचं मोडलेलं मी जोडतेय, असं काहीतरी तिच्या डोक्यात बसलं, आणि तिने इतक्या सफाईने जोडलं की तडा शोधावा लागे. शहाणपण नडतं ते असं.

चित्र टांगल्यावर ताटली हाताला कोमट लागायला लागली. दिव्यांमुळे असेल, तिने स्वतःला समजावलं. मग टोमॅटोत शिजलेल्या लाल भाताचा वास यायला लागला. आणि एका सकाळी चित्रातली भिंतीशी असलेली एक खुर्ची टेबलाकडे सरकलेली दिसली. ओनिटाने रंगावरून बोट फिरवलं. रंग कोरडा ठणठणीत होता, कुंचल्याचे फटकारेही तिचेच होते.

“मिस्टर पेटिग्रू, चित्राला कुणी हात लावलाय का?” तिने गॅलरी सांभाळणाऱ्याला विचारलं. “ही खुर्ची भिंतीशी होती.”

“तूच काढलीस, तूच विसरलीस,” अटलांटाहून आलेला पेटिग्रू हसला. “उद्घाटन जवळ आलं की सगळ्यांचं असंच होतं. जा, झोप काढ. आणि ऐक, संग्रहालयवाले तुझं चित्र घेतायत. ताटलीसकट!”

ओनिटाने तोंड मिटलं. पहिल्याच चित्राचं असं सोनं होत असताना कोण बोलेल?

उद्घाटन रविवारी दुपारी होतं. आईच्या मागे ओनिटाला वाढवणारी हेस्टर मावशी चर्चमधून थेट आली, डोक्यावर जांभळी टोपी, हाताला ओनिटाची पाच वर्षांची नोवेला. चित्रासमोर येताच नोवेला खुशीत ओरडली, “ममा, माझी उशी!”

खुर्ची आता टेबलाला येऊन भिडली होती. तिच्यावर पिवळ्या ठिपक्यांची उशी होती. घरी नोवेलाचा हात टेबलाला पुरत नाही म्हणून तिच्याखाली घालतात, तीच. ओनिटाने ती कधीच रंगवली नव्हती.

“पणजीने ठेवली,” नोवेला म्हणाली. “ममा, मला खूप भूक लागलीय.”

ओनिटाने ताटलीवर झडप घातली, पण मावशीने तिचं मनगट धरलं.

“जोडलीस होय गं?”

“चुकले मावशी. आत्ता फोडते.”

“आता फोडून काय उपयोग? जेवायला बोलावणं गेलंय. कुणीतरी बसल्याशिवाय ती खुर्ची मागे जायची नाही.” मावशीने नोवेलाकडे पाहिलं, मग पाहुण्यांसाठी मांडलेल्या खाण्याकडे. “तुमच्या या शहरवाल्यांना भात तरी शिजवता येतो का, बघू.”

तिने फळीवरची ताटली उचलली आणि तिच्यात लाल भात वाढून घेतला.

“मावशी, नको. मी खाते. चूक माझी आहे.”

“तू खा, आणि या पोरीच्या वेण्या मी घालू? माझ्या या वाकड्या बोटांनी? गप उभी राहा. चारचौघांत तमाशा नको.”

ओनिटा उभी राहिली. या गोष्टीची तिला पुढे जन्मभर लाज वाटली, पण नोवेलाचा हात तिच्या हातात होता आणि तो सोडून पुढे होण्याचं बळ तिच्या अंगात आलं नाही. मावशी शेवटच्या शितापर्यंत जेवली.

“मीठ कमी आहे,” म्हणाली, आणि ताटली फरशीवर आपटली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पेटिग्रूचा चेहरा आधी पडला, पण टाळ्या ऐकून तोही वाजवू लागला. चित्रातली उशी गेली होती. खुर्ची मात्र ओढलेलीच होती.

“आता भूक नाही,” नोवेला म्हणाली. ओनिटा गुडघ्यांवर बसून रडत रडत तुकडे वेचत राहिली.

प्रदर्शन संपायच्या आत एका सकाळी पेटिग्रूचा फोन आला. “अगं, खुर्चीवर ती टोपी कधी रंगवलीस? जांभळी? काय सुंदर भर घातलीस!”

ओनिटाने फोन ठेवला आणि मावशीच्या खोलीकडे गेली. हाक मारायचीही गरज नव्हती.

मातीनंतर ओनिटा वसाहतीच्या फाटकावर नोवेलाला घेऊन पुन्हा उभी राहिली. पहारेकऱ्याने पास लिहिला आणि तिच्या पिशवीत डोकावून ताटलीचे तुकडे पाहिले.

“ही तर फुटलीय, बाई. थडग्यावर ठेवायची तर जोडून तरी आणायची.”

“एकदा जोडली होती,” ओनिटा म्हणाली, आणि नोवेलाचा हात घट्ट धरून आत गेली.