झोपायची नोकरी आणि लांबची बस

डुलकीरावाला झोपेने जितकं बदनाम केलं, तितकं दारूनेही कधी कुणाला केलं नसेल. लग्नात फोटोवाला "हलू नका" म्हणाला आणि याचा डोळा लागला. मान कलंडली ती थेट नवरीच्या खांद्यावर. पाहुणे म्हणाले, काय ही माया. सासूबाई तेवढ्या म्हणाल्या, "माया कसली, घोरतोय तो."

अशा माणसाची नोकरी टिकली कशी? तर घरासमोरची गल्ली ओलांडली की शिट्ट्यांचा कारखाना होता. तयार झालेली शिट्टी फुंकून पाहायची आणि टोपलीत टाकायची, एवढंच याचं काम. शिट्टी तोंडात धरली की हा झोपे, झोपला की घोरे आणि घोरला की शिट्टी वाजे. त्यामुळे भिंतीपलीकडच्या मुकादमाला वाटे, गडी घाम गाळतोय. दुपारी जेवायला घरी यायचा खरा, पण घास आणि झोप यांच्या कुस्तीत बहुतेक वेळा झोपच जिंकायची आणि बायको ताटातून त्याचं नाक बाजूला काढायची.

तर या डुलकीरावाची कीर्ती शहराच्या दुसऱ्या टोकाला पोचली. जिथे जाईपर्यंत बसलाही धाप लागते, अशा त्या टोकाला गाद्यांचा कारखाना होता. तिथल्या मालकीणबाईंना गादीवर झोपून तिची पारख करणारा माणूस हवा होता. निरोप आला : तीन दिवस येऊन झोपून दाखवा, पसंत पडलात तर जागा तुमची.

घरात सभा भरली.

"अहो, तांबडं फुटायच्या आत निघायचं आणि दिवे लागल्यावर परतायचं," बायको म्हणाली. "मग मी संसार कुणाशी करू, तुमच्या डब्याशी? हातचं सोडून पळत्याच्या पाठीमागे कशाला लागता?"

"जाऊ दे गं त्यांना," सासूबाई म्हणाल्या. "शिट्ट्या फुंकून फुंकून माणूस आता चहासुद्धा शिट्टी मारून मागतो."

"आई, तू मध्ये बोलू नकोस."

"मध्ये कुठे? मी कडेलाच बसलेय."

डुलकीराव पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाला, "ज्या गोष्टीसाठी मी जन्मभर बोलणी खाल्ली, तिची कुणाला तरी किंमत आहे असं दिसतंय. एकदा जाऊन बघू दे मला."

"बरं, तीन दिवस," बायको म्हणाली. "मुकादमाला मी ताप आलाय म्हणून सांगते. नाही जमलं तर गपचूप या शिट्ट्यांकडे."

पहिल्या दिवशी बसमध्ये बसताना डुलकीरावाने निश्चय केला, की आजची झोप म्हणजे आपलं भांडवल, वाटेत तिचा कणही सांडायचा नाही. असा निश्चय करून त्याने तिकिटाला हात पुढे केला आणि तो हात तसाच पुढे ठेवून झोपला. अख्ख्या वाटेवर चढणारे लोक त्या हातावर छत्र्या अडकवत गेले. शेवटच्या थांब्यावर कंडक्टरने हलवलं, तेव्हा तो धुऊन काढलेल्या तांब्यासारखा लख्ख जागा झाला.

कारखान्यात त्याच्यासाठी शिलाईची यंत्रं बंद केली होती. कापसाचे तंतू हवेत तरंगत होते. कडा शिवणाऱ्या बाया सुया हवेत धरून गप्प उभ्या होत्या. मधोमध नवीकोरी गादी, शेजारी खुर्चीत चष्मा लावून मालकीणबाई. "झोपा," त्या हळूच म्हणाल्या.

डुलकीराव आडवा झाला. डोळे मिटले की आपोआप उघडत. गादी मऊ होती, उशी गार होती, सगळं होतं, झोप नव्हती. संध्याकाळपर्यंत छताच्या प्रत्येक खिळ्याशी त्याची ओळख झाली.

"नवी जागा आहे," मालकीणबाई म्हणाल्या. "होतं असं."

दुसऱ्या दिवशी तो बसमध्ये बसलाच नाही. वरच्या कडीला धरून उभा राहिला आणि उभ्याउभ्याच झोपी गेला. बस वळली की तो वाळत घातलेल्या शर्टासारखा डावीउजवीकडे हले. गादीवर मात्र पुन्हा तीच तऱ्हा. शेवटी त्याने झोपेचं सोंग घेतलं.

"अहो, झोपलेला माणूस डोळे इतके घट्ट मिटत नाही," मालकीणबाई म्हणाल्या. "लिंबू पिळल्यासारखा चेहरा झालाय तुमचा."

मग त्याने खोटं खोटं घोरून पाहिलं, तर सवयीने शिट्टीच वाजली. बायांनी सुया खाली ठेवून तोंडाला पदर लावले.

घरी आल्यावर बायकोने त्याचा चेहरा पाहिला आणि काही न विचारता आईकडे वळली. "आई, उद्या तू जा यांच्याबरोबर. छत्री ने. बसमध्ये डोळा लागला की टोच."

सासूबाईंनी छत्रीचं टोक बोटाने तपासलं. अशी परवानगी त्यांना लग्नापासून हवी होती.

तिसऱ्या दिवशी बसमध्ये प्रत्येक खड्ड्याला एक टोचा बसत होता. "जावईबापू, जागे आहात ना?"

"हो हो," डुलकीराव घोरता घोरता म्हणे.

छत्रीची काडी वाकली, पण जावयाची झोप वाकली नाही. आणि कारखान्यात गादीला पाठ टेकताच त्याचे डोळे जे टक्क उघडले, ते सासूबाईंनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले.

दुपारी मालकीणबाई उठल्या. "राग मानू नका. माणूस भले आहात तुम्ही, पण आमच्या कामाचे नाही."

डुलकीराव गादीच्या कडेला बसून बुटाच्या नाड्या बांधू लागला. गाठ काही बसेना. त्याच्या झोपेसाठी आयुष्यात पहिल्यांदा कुणी यंत्रं थांबवली होती, आवाज बंद केले होते, आणि नेमका तेव्हाच झोपेने दगा दिला होता.

सासूबाईंनी त्याचा वाकलेला पाठकणा पाहिला. मग मालकीणबाईंना दंडाला धरून काचेच्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं. आत काय बोलणं झालं, हे डुलकीरावाला आजतागायत कळलेलं नाही. तुम्हाला म्हणून सांगतो.

"बाई," सासूबाई म्हणाल्या, "मला हे आज बसमध्ये उमगलं. दुधावर लक्ष ठेवा म्हटलं की हा झोपतो. सुट्टीचे जरा पडा म्हटलं की कपाटं आवरत बसतो. याला झोपा म्हणून कधी झोप आलीय का? झोपू नका म्हणा आणि मजा बघा."

मालकीणबाई बाहेर आल्या त्या कपाळाला आठ्या घालूनच. "हे बघा, पारख्याची जागा गेली. पण मला एक पहारेकरी हवाय. इथल्या नव्या गाद्यांवर नजर ठेवायची. पाय दुखले तर टेका खुशाल. पण खबरदार, डोळा लागला तर माझ्याशी गाठ..."

गाठ कुणाशी, ते ऐकायला डुलकीराव शुद्धीवर नव्हता. घोरण्याने हवेतले कापसाचे तंतू वरखाली होऊ लागले. मालकीणबाईंनी गादीच्या कोपऱ्यावर हलकेच पसंतीचा शिक्का मारला, थोडं थांबल्या आणि मग ओरडल्या, "काय चाललंय हे?"

तेव्हापासून हे असंच चालू आहे. डुलकीराव रोज पकडला जातो, रोज हात जोडतो, रोज एक गादी पास होते. कामावर जागं राहायचं, तर झोप वाटेतच उरकून घ्यावी, म्हणून तो बसमध्ये उशी घेऊन बसतो. अर्थातच त्याला तिथे झोप येत नाही. जातायेता सबंध वाट तो टक्क डोळ्यांनी खिडकीबाहेर बघतो.

"एवढ्या लांब जाण्यात अर्थ नाही," तो बायकोला संध्याकाळी सांगतो. "आज पुन्हा पकडलं त्यांनी. कुठल्याही दिवशी हाकलतील. समोरच्या शिट्ट्याच बऱ्या."

"अजून थोडे दिवस बघा," बायको म्हणते. सासूबाई मालकीणबाईंनी धाडलेल्या जाडजूड गादीवर कूस बदलतात आणि लेकीला हळूच डोळा मारतात.

बायकोची डब्याशी संसार करायची भीती केव्हाच पळाली आहे. जेवणं झाली की ती म्हणते, "दमलात हो, झोपा आता." की लगेच हा उठून बसतो आणि खिडकीतून पाहिलेलं एकेक सांगू लागतो : कुठल्या दुकानदाराने पाटी उलटी लावली, कुठला कुत्रा कुठल्या थांब्यावर रांगेत उभा होता. इतकं बोलणं लग्नापासून तिने त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं. ती पोटभर ऐकते, हसते. आणि तिला स्वतःला झोप आली, की त्याच्या हातावर हात ठेवून म्हणते, "थांबू नका हं, मी ऐकतेय. मुळीच झोपू नका."