बारकीचा तक्ता

ताईच्या पोटात दुखत होतं, आणि त्याला औषध नव्हतं. दुखण्याचं कारण समोरच्या भिंतीवर टांगलेलं होतं: तिच्या मावसबहिणीचा तक्ता.

दोघी एकाच वर्गात, स्थापत्य अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला. ताई सहा महिन्यांनीच मोठी, पण ही ताई आणि ती बारकी, हे लहानपणी ठरलं ते ठरलं. दोघींनी एकेका पादचारी पुलाचं डिझाइन केलं होतं. आज परीक्षक म्हणून येणाऱ्या बाईंचं स्वतःचं डिझाइन ऑफिस होतं आणि त्या दरवर्षी एकाच विद्यार्थ्याला कामाला घेत. ताईला ती जागा हवी होती. हवी कसली, दोन वर्षं ती मनानं त्या ऑफिसात खुर्ची टाकून बसली होती.

ताईचा अहवाल एकशे बेचाळीस पानांचा. कॉम्प्युटरनं ओकलेला प्रत्येक आकडा त्यात होता. बारकीनं मात्र एका कागदावर पूल काढला, भार येतो तिथे बाण, सगळ्यात जास्त वाकतो तिथे लाल ठिपका, आणि खाली दोनच ओळी: पूल किती वाकतो आणि किती वाकलेला चालतो. शिपाईसुद्धा थांबून वाचून गेला आणि "कळलं बुवा" म्हणाला. ताईच्या अहवालाकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. राबायचं आपण आणि कौतुक हिचं, हे तर शाळेपासूनच चाललेलं.

काल बारकीनं तक्ता आधी तिलाच आणून दाखवला होता. "बघ गं ताई, काही राहिलंय का?"

ताईला एका नजरेत दिसलं. प्रोग्रॅमनं उत्तर सेंटिमीटरमध्ये दिलं होतं आणि बारकीनं ३.२ च्या पुढे मिलिमीटर लिहून ठेवलं होतं.

"छान झालाय," ताई म्हणाली. तेवढंच म्हणाली, आणि तिला फार बरं वाटलं.

बाई आल्या. तक्त्यासमोर अर्धं मिनिटही उभ्या राहिल्या नसतील. "बारा मीटरचा लोखंडी पूल, एवढ्या माणसांचा भार, आणि वाकतो तीन मिलिमीटर? युनिट तपास."

बारकीनं लॅपटॉप उघडला आणि जीभ चावली.

"सेंटिमीटर आहे, मॅडम. म्हणजे बत्तीस मिलिमीटर. अठ्ठेचाळीसपर्यंत चालतं, तेव्हा पूल पास आहे. पण चूक माझीच." तिनं आकडा खोडून शेजारी नवा लिहिला.

"चूक सापडेल असं लिहिलंस, मला तेच हवं असतं," बाई म्हणाल्या आणि ताईकडे वळल्या. "तुझा किती वाकतो?"

ताई पानं उलटू लागली. छप्पन्न, एकाहत्तर, पुन्हा छप्पन्न. आकडा होता, नक्की होता, कुठल्यातरी कोष्टकात. बाईंनी थोडा वेळ वाट पाहिली आणि हातातल्या यादीत बारकीच्या नावापुढे खूण केली.

"शेजारीशेजारी बसता ना दोघी? मग असा कागद आधी एकमेकींना दाखवत नाही का?"

ताईनं आणखी एक पान उलटलं.

"दाखवला होता की काल," बारकी म्हणाली. "ताईच्याही लक्षात आलं नसेल, मॅडम. आलं असतं तर तिनं मला सांगितल्याशिवाय सोडलंच नसतं."

ताई मान खाली घालून पानं उलटत राहिली.