सातव्या दिवसाची काच

कारभारीनं मच्छिंद्रला कॉलरला धरून दारापर्यंत ओढलं आणि त्याचं डोकं भिंतीवर आपटलं. दार म्हणजे नुसती चौकट. शनिशिंगणापूरच्या शिवारातल्या त्या वस्तीवर घरांना दारं नव्हती, म्हणून मलेरिया खात्याचा मच्छिंद्र भेटीच्या तारखा चौकटीशेजारी गेरूनं लिही. त्या तारखांवरच त्याचं रक्त ओघळलं.

"कुठं घातल्या गोळ्या?" कारभारी ओरडला. दुष्काळी कामावरून तो खडीचा हातोडा घेऊन तसाच आला होता.

"शनिदेवाची आन, माझ्या हातानं चारल्या. तोंड उघडून बघितलं म्या!"

"मग भाऊ मरतुया कशानं?"

मी तीन पावलांवर रक्ततपासणीच्या काचांची पेटी छातीशी धरून उभा होतो. हे सगळं माझ्यामुळे झालं होतं.

कारभारीचा धाकटा भाऊ कानिफनाथ फौजेत. आसामातून रजेवर आला तो ताप घेऊनच. मच्छिंद्रनं बोट टोचून रक्ताची काच आणली. आरोग्य केंद्रात मी सूक्ष्मदर्शकाखाली हिवतापाचे जंतू पाहिले. तीन दिवस गोळ्या झाल्या. सातव्या दिवसाच्या काचेतही तेच जंतू, तेवढेच. मी चार वेळा भिंग पुसलं. माझ्या पुस्तकात लिहिलं होतं, गोळ्या पोटात गेल्या तर सातव्या दिवशी काही उरत नाही. पुस्तकावर शंका घ्यायची माझी छाती नव्हती. माणसावर घेतली. कागदावर लिहिलं : गोळ्या दिलेल्या दिसत नाहीत. तो कागद आमच्या शिपायानं खडीच्या कामावर कारभारीला वाचून दाखवला.

कारभारीनं मच्छिंद्रच्या बरगडीत लाथ घातली. तो पडला. कारभारीनं त्याचा उजवा हात उंबऱ्याच्या दगडावर दाबला.

"ह्याच हातानं चारल्या न्हवं?"

मी तोंड उघडलं. "पुस्तकात..." एवढंच बाहेर आलं. हातोडा बसला. खडी फुटावी तसा आवाज झाला. मग पुन्हा एकदा.

आतून कारभारीची आई राहीबाई धावत आली आणि त्या हातावर पालथी पडली. "मुडद्या! माझ्यादेखत गिळल्या कानिफनाथानं. तिन्ही दिस!"

"मग आदी का न्हाई बोललीस?"

"मला कुनी इचारलं?"

कारभारी हळूहळू माझ्याकडे वळला. हातोड्याला रक्त होतं. "पंत, मग कागदावर काय लिवलं तुमी?"

"चुकलं माझं. आसामातले ते जंतू निराळ्या जातीचे असतील, ह्या गोळ्यांना न मरणारे. कोयनेलचं इंजेक्शन टोचावं लागेल. नगरला न्या, आत्ता."

"असतील?" त्यानं हातोडा उचलला.

मी डोळे मिटले. काचेवरच्या जंतूंच्या त्या बारीक निळ्या कड्या दिसल्या.

"आहेत," मी म्हणालो.

हातोडा पेटीवर बसला. काचांचा चुरा माझ्या तळहातात रुतला. मग त्यानंच बैलगाडी जुंपली, आणि दोघांना शेजारी शेजारी निजवून सडकेपर्यंत नेलं.

कानिफनाथ कोयनेलनं वाचला. मच्छिंद्रची तीन बोटं कधी वळली नाहीत. पुढे दोन वर्षं मी त्याच्याबरोबर वस्त्यांवर जात असे. गोळ्या तो डाव्या हातानं चारी, तारीख मी लिही.

"पंत," तो दर घरी म्हणे, "लई वंगाळ अक्षर हाय तुमचं."