न धुतलेला टब

मी एक जुना पत्र्याचा टब आहे. हसू नका, मित्रांनो. मी आंघोळीचा टब नाही आणि कपडे भिजवायचाही नाही. मी गाडीचे जुने ऑइल झेलायचा टब आहे. म्हणजे होतो. आज माझ्या पोटात माती आहे, डोक्यावर पुदिना आहे आणि मी गॅरेजच्या खिडकीबाहेर बसलो आहे. हे कसे झाले ते सांगतोच, कारण मनातल्या मनात चरफडून माझा पत्रा झिजायची वेळ आली आहे.

माझे मालक लिफ्ट दुरुस्त करतात. तरुणपणी त्यांनी एक लाल, दोन माणसांची स्पोर्ट्स कार घेतली. ती जमिनीला इतकी चिकटून चालते की तिच्याखाली साधी बादली जात नाही. ऑइल मात्र तिला सात लिटर लागते. म्हणून मालकांनी एका पत्रेकामगाराकडून मला मुद्दाम बनवून घेतले. उंची चार बोटे, घेर ऐसपैस आणि काठ आत वळवलेला, म्हणजे उचलताना ऑइल हिंदकळून बाहेर येऊ नये. पत्रेकामगाराने माझ्यात पाणी भरून मला तासभर कागदावर ठेवले. कागद कोरडा राहिला, तेव्हाच त्याने मला दुकानाबाहेर जाऊ दिले. हा कोरडा कागद लक्षात ठेवा.

मालकांचा जीव गाडीवर आणि काम उरकण्यावर. इंजिनच्या तळाचा नट काढला की गरम ऑइल सरळ खाली पडत नाही. आधी ते जोरात पुढे उडते आणि जोर ओसरला की मागे येते. म्हणून टब आधी वीतभर पुढे ठेवायचा आणि मग हळूहळू मागे ओढायचा. मला हे पहिल्याच खेपेला कळले, मालकांना कळायला तीन वर्षे लागली. तोवर दर वेळी फरशी माखायची आणि ते म्हणायचे, टबच लहान झाला. नाचता येईना, अंगण वाकडे!

त्यात गॅरेज एकट्या गाडीचे नाही. अर्ध्या भागात मालकीणबाईंचे शिलाई मशीन आहे. त्या दवाखान्यांसाठी पांढरे कोट शिवतात. गाडीच्या पोटाखाली प्लॅस्टिकचे एक आवरण असते. ऑइल बदलताना ते पूर्ण काढायचे असते. एकदा मालकांनी कंटाळा करून त्याचे निम्मेच स्क्रू काढले. ऑइल त्या आवरणात साचले आणि दोन दिवस थेंब थेंब गळत राहिले. मालकांच्या बुटांना ते लागले, बुटांचे ठसे मशीनपर्यंत गेले आणि सहा कोट वाया गेले. मालकीणबाईंनी ते सहाही कोट पुन्हा शिवले. मग त्यांनी मालकांना समोर बसवून सांगितले, की यापुढे गॅरेजमध्ये ऑइलचा एक जरी डाग पडला, तर गाडी विकायची. मालक शपथ घ्यायला लागले.

"शपथ नको," त्या म्हणाल्या. "फरशी कोरडी दाखवा."

त्यानंतर मालक सुधारले, हे मी मान्य केले पाहिजे. काही वर्षे आमचे छान जमले. कोणी पाहुणा आला की ते मला ठोकून दाखवायचे आणि म्हणायचे, हा माझा उजवा हात. मी फुलून जायचो. मग कामासाठी ते दोन वर्षे दुसऱ्या शहरात गेले. गाडीवर कापड पडले आणि उजवा हात कोपऱ्यात धूळ खात बसला.

त्याच काळात मालकीणबाईंना पुदिना लावायची हौस आली. त्यांनी मला पालथे घातले आणि खिळा ठोकून माझ्या तळाला तीन भोके पाडली. मित्रांनो, ज्याने थेंब गळू द्यायचा नाही, त्याच्याच तळाला भोके! पुढे कोटांचे काम वाढले, पाणी घालायचे राहून गेले आणि पुदिना वाळला. माती घट्ट होऊन भोकांत बसली. मालकीणबाई मला विसरल्या.

मालक परत आले. गाडी पुन्हा रस्त्यावर काढायची म्हणजे आधी ऑइल बदलायला हवे. मुलीला त्यांनी हाताशी घेतले. तिला गाडी चालवायला शिकवायची, असे त्यांनी कबूल केले होते. त्यांनी मला शोधले आणि भिंतीवर आपटून माझ्यातली माती काढली. कुंडीला भोके असतात, हे शेंबड्या पोरालाही कळते. मालकांना मात्र मीच दिसलो, कुंडी दिसली नाही.

"बाबा, हा धुवायचा नाही का?" मुलीने विचारले.

"अगं, तेलच तर भरायचंय. धुवायचं कशाला?"

मी तिथे होतो, मला सगळे ठाऊक होते आणि मला एक शब्द बोलता येत नव्हता. त्यावेळचा संताप कसा सांगू?

बाकी सगळे त्यांनी इतके नीट केले की आणखीच वाईट वाटते. गाडी लाकडी उतारांवर चढवली. चाकांना मागून ठोकळे लावले. इंजिन जरा गरम करून बंद केले. खाली पुठ्ठे पसरले. आवरणाचे सगळे स्क्रू काढले. मला वीतभर पुढे ठेवले, मग मागे ओढले. फिल्टरला पिशवी बांधून मगच तो फिरवला. माझ्या काठाबाहेर एकही थेंब गेला नाही. मालक मुलीला म्हणाले, बघ, याला म्हणतात हात बसणे.

इकडे गरम ऑइलने माझ्या तळाची माती सैल झाली. आधी एक भोक मोकळे झाले, मग उरलेली दोन. पुठ्ठा भिजला. काळा ओघळ फरशीच्या उताराने मशीनकडे निघाला आणि शिवून ठेवलेल्या कोटांच्या गठ्ठ्याखाली शिरला. मुलीने मला उचलून बादलीवर धरले, तोवर मालकीणबाई दारात उभ्या होत्या.

मालकांना गाडी विकायची अट आठवली. त्यांनी खिशातून गाडीची किल्ली काढून मशीनवर ठेवली. मुलीचा चेहरा उतरला.

मालकीणबाईंनी मला उजेडात धरले. तीन भोकांतून उजेड त्यांच्या तोंडावर पडला.

"ही भोकं मीच पाडलीत," त्या म्हणाल्या. "पुदिन्यासाठी. सांगायचं राहिलं."

"आणि मी धुतला नाही," मालक म्हणाले.

 मग मालकीणबाईंनी गठ्ठ्यातला सगळ्यात खालचा, काळा झालेला कोट ओढला आणि त्यानेच फरशी पुसायला घेतली. किल्ली त्यांनी मुलीच्या हातात दिली.

गाडी वाचली. दोघांनी आपापली चूक कबूल केली आणि घराबाहेर काढले मला. नवा झाकणाचा प्लॅस्टिकचा टब आला. जुने ऑइल त्यातून डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे नेऊन देतात.

मी खिडकीतून बघतो. प्रत्येक वेळी मुलगी आधी तो टब धुते, त्यात पाणी भरते आणि कागदावर ठेवते. कागद कोरडा दिसल्याशिवाय मालक नटाला पाना लावत नाहीत.

मित्रांनो, जुन्या वस्तूला कामाला लावण्याआधी एकदा धुऊन, उलटी करून बघा. तिचे दुखणे तिला सांगता येत नाही. मला फक्त तांब्याभर पाणी हवे होते. ते आता रोज मिळते, पुदिन्यासाठी.