फळ्यावरची तारीख

गोंदिया जिल्ह्यातल्या कामठ्यात योगराजच्या किराणा दुकानाबाहेर एक काळा फळा टांगलेला आहे. सकाळी शटर वर गेलं, की योगराज आधी फळा पुसतो, त्या दिवसाचा दिनविशेष लिहितो आणि मगच गिऱ्हाइकाकडे बघतो. कुणी कितीही खोळंबो! कुणाची जयंती, कुणाची पुण्यतिथी, कुठलं युद्ध कधी संपलं, सगळं त्याला लागतं. शेवटची ओळ मात्र गावातल्या माणसांची. तिच्यासाठी लोक वशिला लावतात.

शेजारच्या शामकलाबाईंचा मुलगा रोशन गेल्या वर्षी एक मे रोजी वारला. उन्हाळी धानाला पाणी द्यायला गेला आणि मोटरचा करंट लागला. योगराजच्या अंगाखांद्यावर खेळलेला पोरगा तो. यंदा वर्षश्राद्ध तिथीनं करायचं, म्हणून ते एप्रिलमध्येच आलं. त्या सकाळी योगराजनं मोठ्या मायेनं शेवटची ओळ लिहिली: ‘रोशनचं प्रथम पुण्यस्मरण.’

शामकलाबाई गूळ घ्यायला आल्या आणि फळ्यासमोरच थबकल्या.

“हे काऊन लिहिलं, भाऊ?”

“आज साल झालं ना, वहिनी.”

“ते भटजीचं झालं. तारखेनं पाहा ना. मागच्या साली आजच्या दिवशी तो जिता होता. बाजारातून टरबूज घेऊन आला होता.”

जन्मभर तारखा सांभाळणाऱ्या माणसानं पोरगा आधीच मारून टाकला होता. फडकं शोधायलाही तो थांबला नाही, तळहातानंच ओळ पुसली.

मग शामकलाबाई रोज यायला लागल्या. “आज त्यानं गाडी धुतली होती.” “आज मह्यासंगं भांडला, भाजीत मीठ नाही म्हणून.” हे सांगताना त्या चक्क हसल्या. योगराज गिऱ्हाइकं ताटकळत ठेवून ऐकायचा. एप्रिल संपत आला तशी त्यालाच धडकी भरली.

एप्रिलच्या शेवटच्या दिवशी त्या म्हणाल्या, “उद्या लिहून टाका, भाऊ. पण परवा मी तुमाले काय सांगू? परवापासून मागच्या सालातही तो नाही.”



एक मे रोजी योगराजनं लिहिलं: महाराष्ट्र दिन, कामगार दिन, गोंदिया जिल्ह्याचा स्थापना दिन. खाली रोशन. ग्रामपंचायतीतलं झेंडावंदन आटोपून येणारे लोक फळ्यापाशी थांबले आणि गुपचूप पुढे गेले.

दुसऱ्या दिवशी शटर उघडलं. योगराज फडकं हातात घेऊन नुसताच उभा राहिला.

“फळा पुसायचा राहिला ना बे,” साखर घ्यायला आलेले म्हातारे भैयाजी म्हणाले. “आज दोन तारीख होय.”

“राहू द्या. मह्या दुकानात आज एक तारीखच आहे.”

शामकलाबाई आपल्या दारातून हे ऐकत होत्या. योगराजनं फडकं खांद्यावर टाकलं आणि त्यांच्यासाठी बाकडं पुढे ओढलं.

“बसा, वहिनी. वावरात जायच्या आधी, सकाळी, काय खाऊन गेला होता रोशन?”