उजव्या ताटाचं मूळ

"चौदा इंच, शालिकरामजी. मोजून पाहा."

पुष्पलताबाईंनी फुटपट्टी फळीवर तशीच धरून ठेवली. फळीला दाटीने खिळे मारलेले होते आणि त्या खिळ्यांत ज्वारीच्या दोन ताटांची मुळं, माती धुऊन, पसरून मांडलेली. खत घातलं होतं ते फक्त डाव्या ताटाखाली, दोन फूट खोल. पण उजव्या ताटाचं एक मूळ चौदा इंच आडवं निघून थेट त्या खतापर्यंत गेलं होतं आणि तिथं झुपका होऊन फुटलं होतं.

"मूळ खत शोधत जात नाही, वाटेत सापडलं तर तिथं फुटतं, असं आम्हाला शिकवलं. हे मात्र शोधत गेलं," बाई म्हणाल्या. "दुपारी बर्डीवरच्या दुकानातून फोटोवाला येऊन राहिला. प्रबंधात पहिला फोटो हाच."

शालिकराम "हो जी" म्हणाला आणि बादली घेऊन नळावर गेला. नळ सोडायचं मात्र विसरला.

तो उमरेडचा, विणकराच्या घरातला. पंचवीस वर्षं मागावर बसला. गिरणीच्या स्वस्त लुगड्यांपुढे माग टिकेना, तेव्हा नागपुरात येऊन या संशोधन केंद्रावर रोजंदारीला लागला. बाईंनी त्याची बोटं पाहिली आणि खोदणाऱ्यांतून काढून त्याला मुळं धुवायला बसवलं. बारीक धारेखाली केसाएवढी मुळं अख्खी सोडवावीत ती त्यानेच. बाकीच्यांच्या हाती नुसता भुगा यायचा.

शनिवारी याच फळीवर दोन मुळं तुटली. तुटलं तर हात लावायचा नाही, हाक मारायची, हे बाईंनी चारदा बजावलं होतं. पण ताण्यातला धागा तुटला की विणकर विचार करत बसत नाही. शालिकरामने बोट जिभेला लावलं, जवळची दोन टोकं एकमेकांवर पिळली आणि तो पुढच्या मुळाकडे वळलासुद्धा. घरी जाताना सायकलवर त्याला ते आठवलं. एवढ्या जंजाळात कोण पाहतंय, असं म्हणून त्याने पायडल मारलं.

आता सगळं जगच पाहणार होतं. सांगितलं तर बाईंचा अख्खा हंगाम पाण्यात, पदवी वर्षभर लांबणीवर. आणि रोजंदारीच्या माणसाला काढायला कागदसुद्धा लागत नाही. जन्मभर त्याने सांधा दिसू न देण्यात अभिमान मानला होता. इथं तीच कारागिरी लबाडी ठरत होती, याचा त्याला मनापासून राग आला.

तो रिकामी बादली घेऊनच परत आला.

"बाई, ते मूळ एक नाई."

"म्हणजे?"

"शनिवारी तुटलं. मी सांधलं. कोनत्या ताटाचं टोक कोनत्या ताटाले लागलं, मले मालूम नाई."

बाईंनी भिंग घेतलं. एकदा पाहिलं, दुसऱ्यांदा पाहिलं. "मला तर कुठं दिसून नाही राहिलं."

शालिकरामने डोळे मिटले, अंगठा मुळावरून हलकेच फिरवत नेला आणि तिसऱ्या खिळ्यापाशी थांबला. "हे इथं."

बाई स्टुलावर बसल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्यांनी लपवलं नाही. "काहून सांगितलं हो आता? कोणाला कळलंही नसतं."

"कापडात सांधा चालते, बाई. तुमच्या कामात चालते का नाई, ते मी कसं ठरवू?"

"सोडवा तो," बाई म्हणाल्या.

त्याने सोडवला. दुपारी आलेल्या फोटोवाल्याला बाईंनी चहा पाजून परत पाठवलं. संध्याकाळी घरी निघताना त्या शालिकरामला म्हणाल्या, "पुढच्या पावसाळ्यात परत पेरू. धुवायला तुम्हीच बसाल. पण या बोटांना सांगून ठेवा."

बोटांना सांगणं सोपं नव्हतं. पुढच्या कार्तिकात नव्या फळीवरची मुळं धुताना एक मूळ तुटलं आणि शालिकरामचा उजवा हात आपसूक जिभेकडे निघाला. त्याने तो मांडीखाली दाबून धरला.

"बाई, तुटलं जी," त्याने हाक मारली.

बाई येईपर्यंत तो तसाच बसून राहिला. तुटलेली दोन्ही टोकं समोर होती, दोन बोटांच्या अंतरावर.